धाकट्या पातीची बखर

एखादे संस्थान खालसा झाले म्हणजे त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मला फार दिवसांपासून छळतो आहे. राजवाडा उभा राहतो. त्यात कधी कचेरी भरते, कधी शाळा. हत्तीखान्यातले हत्ती कोणीतरी घेऊन जातो. राजाला तनखा मिळतो. पण त्या संस्थानासाठी ज्यांनी घोडी दौडविली त्या शिलेदारांचे आणि बारगिरांचे काय होते? इतिहासाची पुस्तके बहुधा तहाच्या कलमांपाशी येऊन थांबतात आणि हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

आज ज्या संस्थानाची बखर मी सांगणार आहे ते आपल्याकडचे नव्हे. ते अमेरिकेतले, आणि तेही खेळाच्या मैदानावरचे. 'अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन' असे त्याचे नाव. १९६७ साली ते जन्माला आले आणि १९७६ साली 'नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' या बलाढ्य शेजाऱ्याने ते पोटात घातले. उणीपुरी नऊ वर्षांची ही कारकीर्द. आपल्या देवासला पवारांच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार. या दोन अमेरिकन संघटनांनाही मी तीच नावे देतो, म्हणजे लांबलचक नावांच्या गर्दीत वाचकांची दमछाक व्हावयाची नाही.

खेळ आपल्या परिचयाचा आहे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, थंडीमुळे घरात कोंडलेल्या तरुण मुलांना काहीतरी उद्योग हवा म्हणून, फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. पुढे या टोपल्यांचा धंदा झाला. थोरली पाती स्वतःसुद्धा १९४९ साली दोन संघटनांच्या विलीनीकरणातूनच निर्माण झाली होती. पण एकदा गादीवर बसल्यावर आपणही कधी कोणाचे प्रतिस्पर्धी होतो याची आठवण कोणाला राहते? १९६६-६७ च्या हंगामात तिचे अवघे दहा संघ होते. एवढ्या मोठ्या देशात दहा संघ, आणि संघागणिक डझनभर खेळाडू. म्हणजे या खेळावर पोट भरू पाहणाऱ्याला साऱ्या अमेरिकेत सव्वाशेच्या आत जागा!

बरे, ज्यांना ही जागा मिळे त्यांची तरी स्थिती काय होती? कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू संघमालक पाळीपाळीने वाटून घेत. ज्या संघाच्या वाट्याला तुम्ही आलात त्याच्याशीच तुम्ही पगाराची बोलणी करावयाची. कराराची मुदत संपली तरी तुमच्यावरचा हक्क संघाचाच. त्याने देऊ केलेला पगार पसंत नसेल तर घरी बसावे. दुसऱ्या संघाचे दार तुम्हांला बंद. जुन्या सावकारी पाशातल्या कुळाला जसे जमीन सोडून जाता येत नसे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की या कुळाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येत.

धाकट्या पातीच्या संस्थापकांना या कुळांचा कळवळा आला आणि म्हणून त्यांनी बंड केले, असे मात्र कोणी समजू नये. डेनिस मर्फी हे कॅलिफोर्नियातल्या बुएना पार्क या गावचे माजी नगराध्यक्ष. त्यांना खरे म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा संघ हवा होता. पण फुटबॉलमधल्या दोन प्रतिस्पर्धी संघटनांनी १९६६ साली एकत्र येण्याचे ठरविले आणि ते दार मिटले. तेव्हा त्यांनी आणि गॅरी डेव्हिडसन या वकिलाने बास्केटबॉलकडे मोर्चा वळविला. हिशेब साधा होता. थोरल्या पातीत शिरण्यास पैसे फार पडतात. तेव्हा आपली वेगळी चूल मांडावी, शेजाऱ्याला पुरेसा धूर द्यावा, म्हणजे तो आपण होऊन आपल्याला घरात घेईल. अशा व्यवहारी पोटातून हे मूल जन्मले. पण मुले आईबापांच्या हिशेबाप्रमाणे वाढत नाहीत, हे आपण घरोघरी पाहतोच.

पहिला प्रमुख म्हणून त्यांनी जॉर्ज मायकन याला गाठले. सहा फूट दहा इंच उंचीचा हा चष्मेवाला पुरुष मिनिआपोलिसच्या लेकर्स संघाचा एके काळचा महारथी, आणि शिवाय वकील. त्याने एक विलक्षण गोष्ट केली. चेंडूचा तपकिरी रंग दूर बसलेल्या प्रेक्षकांना नीट दिसत नाही, असे म्हणून त्याने चेंडू लाल, पांढरा आणि निळा असा आपल्या राष्ट्रध्वजाच्या रंगांचा करविला. थोरल्या पातीचे लोक पोट धरून हसले. सर्कशीतल्या सीलच्या नाकावर शोभेल असा चेंडू, म्हणाले. परंतु तो चेंडू हवेत फिरू लागला की तिन्ही रंग मिसळून असे काही चक्र दिसे की पोरे वेडी होत. देशभर तो खपला. मौज अशी की त्याचे हक्क वेळीच आपल्या नावे करून घेण्याचे या मंडळींना सुचले नाही, आणि त्या खपाचा नफा भलत्यांच्याच खिशात गेला. त्यांचा कारभार कसा होता हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट तीन गुणांची. दूर आखलेल्या एका कमानीबाहेरून टोपली साधली तर दोनाऐवजी तीन गुण. ही युक्ती मूळची एब सॅपरस्टीन यांची. 'हार्लेम ग्लोबट्रॉटर्स' या प्रसिद्ध खेळकरी ताफ्याचे ते मालक. त्यांनी १९६१ साली काढलेली संघटना १९६२ च्या अखेरीस बुडाली. पण बुडत्या जहाजातून ही एक पेटी धाकट्या पातीने उचलून घेतली. तिचा पहिला खरा चमत्कार १३ नोव्हेंबर १९६७ रोजी डॅलस शहरी घडला. डॅलसचा संघ ११८-११६ असा पुढे. वेळ जवळजवळ संपलेली. इंडियाना पेसर्सच्या जेरी हार्कनेसने मैदानाच्या दुसऱ्या टोकाजवळून, नव्वद फुटांच्या आसपासच्या अंतरावरून, जीव खाऊन चेंडू भिरकावला आणि तो थेट टोपलीत पडला. दोन्ही संघांना वाटले, बरोबरी झाली, आता जादा वेळ खेळावयाचा. तेवढ्यात पंचांनी आठवण करून दिली की नव्या नियमाने हे गुण तीन. सामना संपला होता. जिंकणाऱ्यालाही आपण जिंकलो हे दुसऱ्याने सांगावे लागले!

अशा गमतींना तोटा नव्हता. केंटकी कर्नल्स या संघाने १९६८ साली पेनी अ‍ॅन अर्ली या घोडेस्वार तरुणीला करारबद्ध केले. पुरुष जॉकींनी तिच्याबरोबर शर्यतीत उतरण्यास नकार दिल्यामुळे ती तेव्हा गाजत होती. तिने मैदानात येऊन एकदा चेंडू आत फेकला आणि ती बाहेर गेली. पुढे सेंट लुईसच्या संघात मार्विन बार्न्स नावाचा अवलिया होता. लुईव्हिलहून सेंट लुईसला जाताना घड्याळ एक तास मागे करावे लागते. त्यामुळे विमान सुटण्याच्या वेळेआधीच पोहोचते असे वेळापत्रकात पाहून, असल्या काळाच्या यंत्रात मी बसणार नाही म्हणत त्याने भाड्याची मोटार केली, अशी आख्यायिका आहे.

परंतु हसता हसता एक गोष्ट विसरता कामा नये. या घरात दारिद्र्य होते. पिट्सबर्गच्या संघाने १९६८ साली पहिले अजिंक्यपद मिळविले आणि पुढच्याच हंगामात त्याला बिऱ्हाड उचलून मिनेसोटाला जावे लागले. ऑकलंडच्या संघाने १९६९ साली अजिंक्यपद मिळविले. तोही लगेच वॉशिंग्टनला आणि तेथून व्हर्जिनियाला गेला. जिंकल्यावर मिरवणूक निघावयाची, तर येथे सामानाची बांधाबांध! पहिल्या हंगामात संघ होते अकरा. शेवटच्या हंगामाच्या मध्यावर उरले सात.

आणि तरीही मी या पातीची बखर लिहावयास का बसलो? कारण या मोडक्या घराला एक दार होते, आणि ते उघडे होते.

कॉनी हॉकिन्सची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या गरीब वस्तीत हा मुलगा वाढला. १९६१ साली तो आयोवाच्या विद्यापीठात नुकताच दाखल झाला असताना कॉलेजच्या सामन्यांतील सट्टेबाजीचे एक मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यातल्या एका माणसाकडून हॉकिन्सने २०० डॉलर उसने घेतले होते आणि ते परतही केले गेले होते. त्याच्यावर खटला झाला नाही, आरोपपत्र झाले नाही. पण विद्यापीठाने त्याला काढले आणि थोरल्या पातीने त्याच्या नावावर काट मारली. तो ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव हिंडत राहिला. धाकटी पाती निघाली तेव्हा पिट्सबर्गने त्याला बोलाविले. पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाला अजिंक्यपद मिळाले. साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर तो असा खेळू लागल्यावर त्याला बाहेर ठेवण्याचे समर्थन कोण करणार? त्याने थोरल्या पातीवर फिर्याद केली होतीच. १९६९ साली तिने मोठी भरपाई देऊन तडजोड केली आणि हॉकिन्स फिनिक्सच्या संघात दाखल झाला. त्याची उमेदीची आठ वर्षे मात्र कोणत्याही तडजोडीने परत येणार नव्हती.

दुसरा स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या आईचा हा मुलगा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले. थोरल्या पातीचा नियम असा की शाळा सोडून चार वर्षे झाल्याखेरीज कोणालाही घ्यावयाचे नाही. कॉलेजांना फुकटचे खेळाडू मिळावेत आणि संघांना तयार माल मिळावा, अशी ही दोघांच्या सोयीची व्यवस्था. घरी आई राबते आहे, भावंडे आहेत, याचा विचार त्या नियमात कोठेच नव्हता. डेन्व्हरच्या संघाने हेवूडला १९६९ साली दार उघडले. वर्षभरात तो धाकट्या पातीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग सिॲटलने त्याला थोरल्या पातीत नेले, त्यावरून खटला उभा राहिला, आणि १९७१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. ते चार वर्षांचे कुंपण पुढे टिकले नाही. १९७४ साली युटा संघाने मोझेस मलोन या मुलाला थेट शाळेतून घेतले.

मागणारा दुसरा कोणी आहे एवढे कळले की मजुरी वाढते, हे शेतावरही खरे आणि मैदानावरही. दोन पात्यांच्या चढाओढीत खेळाडूंचे पगार झपाट्याने वाढू लागले, तेव्हा थोरल्या पातीचे मालक घाबरले आणि एकीकरणाची भाषा सुरू झाली. येथे एक नवा नायक पुढे येतो. ऑस्कर रॉबर्टसन हा थोरल्या पातीतला अव्वल खेळाडू आणि खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. १९७० साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात दावा लावला की दोन पात्या एक झाल्या तर आमचे दुसरे दार बंद होईल. तेव्हा आधी आमच्या पायांतली बेडी काढा. या दाव्याने एकीकरण सहा वर्षे रोखून धरले. थोरल्या घरात सुखाने राहणाऱ्या माणसाने धाकट्या घराचे दार उघडे राहावे म्हणून भांडावे, हे मला या साऱ्या बखरीतले सर्वांत उदार पान वाटते. १९७६ साली तडजोड झाली, आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट खेळाडूंना हळूहळू मोकळी झाली.

दरम्यान धाकट्या पातीत ज्युलिअस अर्व्हिंग नावाचा तारा उगवला होता. 'डॉक्टर जे' हे त्याचे टोपणनाव. १९७१ साली तो व्हर्जिनियाच्या संघात आला आणि १९७३ साली न्यूयॉर्क नेट्समध्ये गेला. चेंडू एका हातात फळासारखा धरून तो जमिनीवरून उठे, आणि माणूस खाली कधी येतो याची वाट पाहत लोक बसत. देशभर सामने दाखविण्याचा दूरचित्रवाणीचा मोठा करार धाकट्या पातीला कधी नीट लाभला नाही. त्यामुळे त्याची कीर्ती बरीचशी तोंडोतोंडी पसरली, आपल्याकडे जुन्या पहिलवानांची पसरत असे तशी. २७ जानेवारी १९७६ रोजी डेन्व्हर येथे, सामन्याच्या मध्यंतरात, चेंडू वरून टोपलीत कोंबण्याची एक स्पर्धा ठेवली होती. अर्व्हिंग मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, तेथून धावत सुटला, फळीपासून १५ फुटांवरच्या रेषेजवळ उडाला आणि हवेतूनच चेंडू टोपलीत घालून आला. विझण्यापूर्वी ज्योत मोठी होते म्हणतात. ही ती ज्योत.

१७ जून १९७६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील हायॅनिस येथे तह झाला. डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनिओ हे चार संघ प्रत्येकी ३२ लाख डॉलर भरून थोरल्या पातीत गेले. न्यूयॉर्क नेट्सला शिवाय शेजारच्या निक्स संघाला ४८ लाख द्यावे लागले. ते उभे करण्यापायी घरातला हिराच, म्हणजे अर्व्हिंग, ३० लाखांना फिलाडेल्फियाला विकावा लागला. व्हर्जिनियाचा संघ महिनाभर आधीच दिवाळखोरीत निघाला होता. त्याला काहीच मिळाले नाही. केंटकीच्या मालकाने रोख रक्कम घेऊन संघ मोडला. राहिले सेंट लुईसचे मालक, ओझी आणि डॅनियल सिल्ना हे कापडधंद्यातले दोघे भाऊ.

या बंधूंनी जे केले ते कोणाही कारभाऱ्याने चौकटीत लावून ठेवावे असे आहे. त्यांनी २२ लाख डॉलर रोख घेतले, आणि वर मागितले काय? तर त्या चार संघांना दूरचित्रवाणीपासून जे उत्पन्न होईल त्याचा सातवा हिस्सा, 'यावच्चंद्रदिवाकरौ'. त्या काळी हे उत्पन्न किरकोळ होते, म्हणून समोरच्यांनी हसत सही केली. पुढे दूरचित्रवाणीचा पैसा पुरासारखा आला. संघ नाही, मैदान नाही, एक चेंडू नाही, आणि तरीही सुमारे ३० कोटी डॉलर या भावांच्या घरी आले. २०१४ साली थोरल्या पातीने आणखी ५० कोटी डॉलर देऊन बहुतांशी आपली सुटका करून घेतली. आपल्याकडच्या कोणत्याही इनामी सनदेने इतके पीक दिले असेल असे मला वाटत नाही.

इकडे खालसा झालेल्या संस्थानाची दौलतही थोरल्या घरात मानाने नांदू लागली. १९७७ च्या अंतिम सामन्यांत सुरुवातीला उतरणाऱ्या दहा खेळाडूंपैकी पाच धाकट्या पातीतून आलेले होते. ज्या तीन गुणांना हसले होते ते थोरल्या पातीने १९७९ साली स्वीकारले, आणि आज सारा खेळ त्या रेषेभोवती फिरतो. इंडियानाचा संघ १९७७ साली बंद पडण्याच्या बेताला आला, तेव्हा प्रशिक्षक बॉबी लेनर्ड आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी दूरचित्रवाणीवरून रात्रभर लोकांना साद घातली आणि हंगामाची ८,००० हून अधिक तिकिटे विकून संघ वाचविला. हाच पेसर्स संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या मुंबईत, वरळीच्या सभागृहात खेळून गेला. थोरल्या पातीचे भारतातले ते पहिलेच सामने. समोर सॅक्रामेंटोचा संघ, ज्याचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. पहिल्या दिवशी हजारो शाळकरी मुलांपुढे पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा विजय मिळविला. टाळ्या पिटणाऱ्या त्या मुलांना कल्पना नसेल की, हा संघ एका बुडालेल्या जहाजातून पोहत आलेला आहे.

आता माझा पहिला प्रश्न. बारगिरांचे काय झाले?

सातांपैकी तीन संघ मोडले, त्यांतले अनेक खेळाडू कोठेच गेले नाहीत. आधीच्या वर्षांत बुडालेल्या संघांचे तर विचारूच नका. थोरल्या पातीने धाकटीचे गुण आपल्या अधिकृत वहीत धरले नाहीत. अर्व्हिंगने दोन्हीकडे मिळून ३०,०२६ गुण केले. वही मात्र १८,३६४ च सांगते. त्याचे त्यात काही अडले नाही. अडले ते ज्यांची नावे कोणाला ठाऊक नव्हती त्यांचे. थोरल्या पातीच्या निवृत्तिवेतनाला ते पात्र नव्हते. गुडघे गेलेले, कमरा गेलेल्या, वये सत्तरीच्या घरात. कोणाकडे औषधाला पैसे नाहीत, कोणाकडे घरभाडे नाही. इंडियानापोलिस येथील 'ड्रॉपिंग डाइम्स' या लहानशा धर्मादाय संस्थेने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. अखेर जुलै २०२२ मध्ये थोरल्या पातीने आणि तिच्या खेळाडूंच्या संघटनेने मिळून सुमारे ११५ जणांसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. तहानंतर सेहेचाळीस वर्षांनी! तोवर कित्येक जण जग सोडून गेले होते. दोघा भावांना मिळालेली रक्कम या ११५ जणांच्या वाट्याच्या बत्तीस पटींहून अधिक भरते. हा त्रैराशिकाचा हिशेब मी मुद्दाम दोनदा मांडून पाहिला.

सिल्ना बंधूंना मी दोष देत नाही. त्यांनी कोणाला फसविले नाही. कागद वाचून सही घेतली. माझे म्हणणे इतकेच की तहाच्या त्या मेजाभोवती मालक होते, वकील होते, आणि ज्यांच्या बळावर एकीकडून ३२-३२ लाख आणि दुसरीकडून यावच्चंद्रदिवाकरौ उत्पन्न ठरत होते, त्या संघमोड झालेल्या खेळाडूंच्या म्हातारपणाचे कलम घालणारा तेथे कोणी नव्हता.

क्रिकेटमध्येही आपण हेच पाहिले. १९७७ साली ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांनी रंगीत पोशाखांचे आणि दिव्यांखालचे क्रिकेट काढले, तेव्हा लोक हसले. आज तेच क्रिकेट घरोघर पाहिले जाते. २००७ साली आपल्याकडे 'इंडियन क्रिकेट लीग' निघाली, तिच्यात गेलेल्या खेळाडूंवर बंदी आली, आणि पुढच्याच वर्षी तशाच धर्तीची अधिकृत स्पर्धा थाटात सुरू झाली. प्रतिस्पर्ध्याची कल्पना घरात घेण्यास कोणाला लाज वाटत नाही. त्याच्या माणसांना घरात घेताना मात्र उंबरठा उंच होतो.

म्हणून यापुढे दूरचित्रवाणीवर बास्केटबॉलचा सामना लागला, आणि एखाद्या उंच पोराने दुरून चेंडू टाकून तीन गुण मिळविले, तर मुलांना अवश्य सांगा की ही रेषा बुडालेल्यांनी आखलेली आहे. आणि त्याच्या कोट्यवधींच्या कराराचा आकडा ऐकून कोणी तोंडात बोट घातले, तर हेही सांगा की तो करार मागण्याची मुभा कॉनी हॉकिन्स, स्पेन्सर हेवूड आणि ऑस्कर रॉबर्टसन यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून त्याच्या हाती ठेवली आहे.